संघ विद्यापीठाचा, लीग शहराची, मुली आपल्या

विद्यापीठाच्या मुलींचा फुटबॉल संघ स्थानिक लीगमध्ये उतरला, ही वर्तमानपत्राच्या दृष्टीने चार ओळींची बातमी. क्रीडा पानाच्या खालच्या कोपऱ्यात, निकालांच्या गर्दीत ती कुठेतरी असते. रियल माद्रिदचे किंवा लिव्हरपूलचे अकरा खेळाडू तोंडपाठ असणारी मुले आपल्या मोहल्ल्यांत पावलोपावली भेटतात. आपल्याच कॉलेजमध्ये मुलींचा संघ आहे की नाही, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येईल. मला त्या चार ओळींच्या बातमीबद्दलच लिहायचे आहे. मुस्लिम मुलींच्या दृष्टीने विश्वचषकापेक्षा आणि राष्ट्रीय संघापेक्षाही ही शहरातली लीग जास्त महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. आणि नेमके तिच्याकडेच समाजाने, विद्यापीठांनी आणि चळवळीतल्या आपण मंडळींनीही सर्वांत कमी लक्ष दिले आहे.

पॅलेस्टाईनचे उदाहरण घेऊ. पॅलेस्टाईनबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, जुम्म्याच्या नमाजनंतर दुआ होतात, मोबाईलवर चित्रे फिरतात. पण तिथल्या मुलींच्या फुटबॉलची सुरुवात एका विद्यापीठात झाली, हे आपल्यातल्या फारशा लोकांच्या कानावर आलेले नाही. २००३ मध्ये बेथलेहेम विद्यापीठात काही मुली फुटबॉल खेळू लागल्या. दुसऱ्या इंतिफादाचे ते दिवस. रस्त्यांवर लष्करी नाकी, अधूनमधून संचारबंदी, आणि गावात गवताचे एक धड मैदान नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या समर मूसा यांनी मुलींना गोळा केले तेव्हा आलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांच्यातल्या हनी थालजिया पुढे पॅलेस्टाईनच्या महिला संघाच्या पहिल्या कर्णधार झाल्या. त्या ख्रिस्ती आहेत. विद्यापीठही कॅथलिक धर्मबंधूंच्या संस्थेच्या पुढाकाराने १९७३ मध्ये सुरू झालेले. विद्यार्थ्यांत मात्र बहुसंख्य मुस्लिम, आणि मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त. त्यामुळे संघातही दोन्ही धर्मांच्या मुली होत्या, डोके झाकणाऱ्या आणि न झाकणाऱ्या दोन्ही होत्या. सराव सिमेंटच्या कोर्टवर चालायचा. गवतावर खेळायचे तर जेरिकोला जावे लागे आणि वाटेत नाकी. गाझातल्या खेळाडूंना वेस्ट बँकेत येता येत नसे, म्हणून एकाच देशाच्या मुली एकत्र सराव करण्यासाठी परदेशात भेटत.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी राष्ट्रीय संघ आणि मग त्याला बघून विद्यापीठात खेळ, असा क्रम तिथे नव्हता. विद्यापीठाच्या कोर्टवरून राष्ट्रीय संघ उभा राहिला. असे का झाले? मला वाटते, कारण साधे आहे. मुलगी विद्यापीठात जाते हे घराने आधीच मान्य केलेले असते. त्यासाठी वेगळे भांडण करावे लागत नाही. तिथे फाटक आहे, ओळखपत्र आहे, बाईमाणूस असलेल्या क्रीडाशिक्षिका आहेत, संस्थेचे नाव आहे. “मी क्लबात खेळायला जाते” हे वाक्य ज्या घरात उच्चारताही येत नाही, त्या घरात “कॉलेजची प्रॅक्टिस आहे” हे चालून जाते. यात कोणाला लबाडी दिसत असेल तर दिसो. आपल्या आई-आज्यांनी शिवणक्लासच्या नावाखाली काय काय शिकून घेतले, ते त्यांनाच विचारा.

पण विद्यापीठाचा संघ एवढ्याने भागत नाही, हेही तिथल्या लोकांच्या लक्षात आले. पदवी मिळाली की मुलगी संघाबाहेर, लग्न झाले की मैदानाबाहेर. दर तीन वर्षांनी नव्याने पाटी पुसायची. म्हणून क्लब लागतात आणि क्लबांना एकमेकांशी नियमित खेळायला लीग लागते. रामल्ला, बेथलेहेम या शहरांतल्या क्लबांनी मुलींचे संघ उभे केले, आधी छोट्या मैदानावर, मग अकरा-अकरा जणींचे सामने सुरू झाले. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये जेरुसलेमजवळच्या अल-राम इथल्या मैदानावर पॅलेस्टाईनच्या महिलांनी स्वतःच्या भूमीवर पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. समोर जॉर्डन, निकाल २-२ अशी बरोबरी. मैदानात हजारो प्रेक्षक आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर तिथली देशांतर्गत फुटबॉल स्पर्धा बंद पडली. तरी १५ मे २०२४ रोजी या संघाने डब्लिनमध्ये बोहेमियन्स क्लबच्या महिला संघाला २-१ असे हरवले. हा त्यांचा युरोपातला पहिला सामना. त्याची छायाचित्रे आपल्याकडेही फिरली आणि सगळ्यांना अभिमान वाटला. त्या अभिमानाबद्दल मला एकच विचारायचे आहे: परक्या देशातल्या मुलीने हिजाब घालून गोल केला की आपण टाळ्या वाजवतो, आणि शेजारच्या खोलीतली बहीण बूट मागते तेव्हा तिला काय उत्तर देतो?

आता आपल्या विद्यापीठांत काय चालते ते पाहू. महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, थोड्या दिवसांचे सराव शिबिर होते आणि संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. पहिलाच सामना हरलात तर परतीची गाडी. म्हणजे वर्षभर घाम गाळलेल्या मुलीच्या वाट्याला विद्यापीठाच्या रंगात नव्वद मिनिटे येतात, तीही ती पहिल्या अकरांत असेल तर. राखीव खेळाडू म्हणून गेलेली मुलगी जर्सी घडी घालून परत आणते. या पद्धतीत खेळ सुधारणे जवळपास अशक्य आहे. फुटबॉल ही सामने खेळून शिकायची गोष्ट आहे. हरायचे, पुढच्या रविवारी पुन्हा उतरायचे, पुन्हा हरायचे, मग एकदा बरोबरी. बचावपटूला आपली जागा कळायला असे कितीतरी रविवार जावे लागतात.

लीगमध्ये हे मिळते. राज्यात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्याखाली जिल्हा संघटना अशी रचना आहे. मुंबईत, पुण्यात जिल्हा संघटना महिलांची लीग भरवतात. त्यात क्लब असतात, अकादमी असतात. विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने आपला संघ तिथे नोंदवला, तर त्या मुलींना हंगामभर खेळ मिळतो. समोर नोकरी करून खेळणाऱ्या तिशीतल्या बायका येतात, दोन मुलांची आई असलेली गोलरक्षक येते. हे पाहणेही शिक्षणच आहे. अठरा वर्षांच्या मुलीला कळते की लग्नानंतरही खेळता येते. आपल्या घरांत ही गोष्ट तिला दुसऱ्या कोणी सांगणार नाही. शिवाय राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठराविक पातळीच्या स्पर्धांमधली कामगिरी लागते, आणि नियमित खेळल्याशिवाय त्या पातळीच्या निवड चाचणीत कोणी उभेही करत नाही. आपल्या समाजातले तरुण या वाटेकडे फारसे वळत नाहीत, मुली तर नाहीतच.

मग आपल्या मुली कुठे गळतात? अनेकांना वाटते, कपड्यांवर. बाहेरच्यांनाही तसेच वाटते आणि आपल्यातल्या मौलवींनाही. मला वाटते, कपड्यांच्या आधी त्या वेळेवर आणि रस्त्यावर गळतात. कॉलेजच्या मैदानावरचा सराव तीन-चार वाजता असतो, मगरिबच्या आत घरी येता येते. लीगचा सामना रविवारी सकाळी किंवा भर दुपारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुंब्र्याच्या मुलीला कूपरेजला सकाळी साडेसातच्या सामन्याला पोचायचे असेल, तर पहाटे साडेपाचच्या आत घर सोडावे लागते. सोबत कोण? तिकिटाचे आणि नाश्त्याचे पैसे कोणाचे? सामना लांबला तर घरी फोन कोण करणार? विद्यापीठ म्हणते, थेट मैदानावर या. घर म्हणते, कोणीतरी न्यायला-आणायला हवे. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मुलगी संघातून बाहेर पडते आणि नोंद होते ती अशी: “मुस्लिम मुली पुढे टिकत नाहीत, घरचे सोडत नाहीत.”

हा प्रश्न फक्त मुस्लिम मुलींचा नाही. विरारच्या, पनवेलच्या, खेड्यातून पुण्याला आलेल्या कुठल्याही गरीब घरातल्या मुलीचा आहे. कपडे बदलायला आडोसा नसलेली मैदाने सगळ्याच मुलींसाठी त्रासाची आहेत. जर्सीवर बुरखा घालून येणारी मुलगी तो कुठे काढणार आणि पँटवर सलवार चढवून आलेली मुलगी ती कुठे बदलणार, यात फरक काय? पाळी चालू असताना स्वच्छतागृहाविना चार तास मैदानावर काढायला लागणारी मुलगी कोणत्या जातीधर्माची आहे, हे मैदान विचारत नाही. म्हणून एक बंद खोली, एक स्वच्छतागृह, पाण्याचा नळ आणि एका बाई व्यवस्थापकासह एकत्र प्रवास या मागण्या सगळ्या मुलींच्या म्हणून मांडायला हव्यात. त्या ‘अल्पसंख्याकांसाठी सवलत’ म्हणून मांडल्या की विद्यापीठाला नकार द्यायला सोपे जाते आणि संघातल्या बाकीच्या मुलीही आपल्या बाजूने बोलत नाहीत.

कपड्यांच्या बाबतीत मात्र नियम काय आहे, तो नीट माहीत असायला हवा. तो ठाऊक नसल्यामुळे पंचही मनाला येईल ते सांगतात आणि आपल्या मुलीही गप्प बसतात. २००७ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात अकरा वर्षांच्या एका मुलीला हिजाबमुळे सामन्यातून बाहेर काढले गेले आणि वाद जगभर गेला. २०११ च्या जूनमध्ये इराणच्या महिला संघाला अम्मानमध्ये जॉर्डनविरुद्ध ऑलिंपिक पात्रता सामना डोक्यावरच्या वस्त्रामुळे खेळू दिला गेला नाही. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी हा विषय फिफामध्ये लावून धरला. २०१२ मध्ये नियम करणाऱ्या मंडळाने प्रायोगिक परवानगी दिली आणि १ मार्च २०१४ रोजी कायमची. त्याच निर्णयात शीख खेळाडूंच्या पगडीलाही मान्यता मिळाली, कारण मधल्या काळात क्यूबेकमध्येच पगडी घालणाऱ्या शीख मुलांना रोखण्यात आले होते. आज फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम स्पष्ट आहे. डोक्यावरचे आवरण काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे, संघातल्या सगळ्यांचे एकाच रंगाचे असावे, जर्सीला जोडलेले नसावे, मानेपाशी टाचणी किंवा धोकादायक बंद नसावा, लोंबणारा भाग नसावा. आतला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बाहीच्या रंगाचा, टाइट्स चड्डीच्या रंगाच्या. एवढे पाळले की मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकून खेळायला कुठलाही अडसर नाही. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना दक्षिण कोरियाविरुद्ध हिजाब घालून उतरली ती याच नियमाखाली, आणि तो सामना मोरोक्कोने १-० असा जिंकला.

म्हणजे जिल्हा लीगमध्ये एखाद्या पंचाने “हे काढून ये” असे म्हटले, तर मुलीला किंवा प्रशिक्षकाला आवाज न चढवता नियमाचे पान दाखवता येते. किटच्या पिशवीत त्या पानाची प्रत ठेवा. वाद सामन्याच्या वेळी घालायचा नसतो. संघ नोंदवतानाच जिल्हा संघटनेला दोन ओळींचे पत्र द्यायचे आणि पोचपावती घ्यायची.

ही झाली नियमाची बाजू. पण नियमाच्या पलीकडे एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल आपल्या मासिकाच्या वाचकांशी मला स्पष्ट बोलायचे आहे. फ्रान्समध्ये फुटबॉल महासंघाने अधिकृत सामन्यांत हिजाबला बंदी केली आहे. त्याविरुद्ध ‘ले हिजाबूज’ या गटातल्या खेळाडू न्यायालयात गेल्या आणि २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी कायम ठेवली. त्या मुलींना गल्लीतल्या लीगमध्येही खेळता येत नाही. आपल्याकडे चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली, २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली. या सगळ्याबद्दल आपल्याला राग येतो आणि तो यायलाच हवा. मुलीला शिक्षण आणि कापड यांतले एक निवडायला लावणारे लोक स्वतःला तिचे मुक्तिदाते म्हणवतात, हे तर फारच झाले.

पण मग इराणबद्दल काय? २० जानेवारी २०२२ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आशियाई चषकात भारत आणि इराण यांच्या महिलांचा सामना झाला. गोलशून्य बरोबरी. इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच आलेला, सगळ्या खेळाडूंची डोकी झाकलेली. मुंब्र्याहून, कौशातून, वाशी-तुर्भ्याच्या वस्त्यांमधून ते मैदान काही फार लांब नाही. कोविडचे निर्बंध नसते, तर आपल्या मुलींना नेऊन दाखवायला त्याहून चांगला सामना मिळाला नसता. पण त्या अकरा जणींपैकी किती जणींना विचारून ते कापड त्यांच्या डोक्यावर आले होते? त्यांच्या देशात बायकांना पुरुषांचा सामना पाहायला स्टेडियममध्ये जाण्यासाठी चाळीस वर्षे झगडावे लागले. पुरुषाचा वेश करून मैदानात शिरताना पकडलेल्या सहर खोदायारीने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये स्वतःला पेटवून घेतले आणि तिचा मृत्यू झाला. महिन्याभराने इराण-कंबोडिया सामन्याला बायकांसाठी काही हजार तिकिटे निघाली. फ्रान्स कापड ओढून काढतो, इराण ते लादतो. दोन्हीकडे मुलगी काय म्हणते, हे कोणी विचारत नाही. आपण फ्रान्सविरुद्ध बोलणार आणि इराणबद्दल मौन पाळणार असू, तर आपल्याला मुलीच्या निवडीची काळजी नाही, कापडाचीच काळजी आहे, असा आरोप कोणी केला तर त्याला काय उत्तर देणार?

माझ्या कल्पनेतल्या विद्यापीठ संघात हिजाब घालून खेळणारी शबाना असेल आणि अर्ध्या बाह्यांची जर्सी घालणारी रेश्माही असेल. शबानाला प्रशिक्षकाने टोमणा मारायचा नाही. रेश्माला मोहल्ल्याने मारायचा नाही. बेथलेहेमच्या संघात हे जमले. यातला दुसरा भाग आपल्याला जास्त जड जातो, हे आपण जाणतोच.

“मुलींना फुटबॉल शोभत नाही” हे वाक्य इस्लाममधून आलेले आहे, असे समजणाऱ्यांसाठी एक माहिती. २६ डिसेंबर १९२० रोजी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे त्रेपन्न हजार माणसे जमली होती. प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ खेळत होता. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवून आपल्या मैदानांवर त्यांना बंदी केली. ती उठायला १९७१ उजाडले. त्या असोसिएशनमध्ये मौलवी नव्हते. बायकांनी गर्दी खेचली, पैसा खेचला आणि तो पुरुषांच्या हातात राहिला नाही, हे त्या बंदीमागचे एक मोठे कारण. धर्म, संस्कृती, आरोग्य ही नावे नंतर सापडतात. आणि ज्यांना दीनचाच दाखला हवा असेल, त्यांना हजरत आयेशा आणि पैगंबर साहेबांच्या धावण्याच्या शर्यतीची हदीस माहीत असेलच. एकदा आयेशा जिंकल्या, पुढे एकदा पैगंबर साहेब. मी माझा मुद्दा त्या हदीसवर उभा करत नाही, तो मुलीच्या नागरिक म्हणून असलेल्या हक्कावर उभा आहे. पण घरात अब्बांशी बोलताना कामाला आली तर जरूर वापरा.

मैदान हा हक्क आहे, ही गोष्ट मुंब्र्यातल्या मुलींनी आपल्याला आधीच शिकवली आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठलेली कुटुंबे येऊन येऊन हे गाव फुगत गेले. घरे झाली, दुकाने झाली, मोकळ्या जागा संपल्या, आणि उरलेल्या जागांवर मुलगे. ‘परचम’ या गटासोबत तिथल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या तेव्हा मैदानावर जायचे म्हणजे आधी तिथल्या मुलांशी हुज्जत घालायची. मग त्यांनी सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींकडे मुलींसाठी राखीव मैदान मागितले. त्यात मुस्लिम मुली होत्या, इतरही होत्या. सावित्रीबाई आणि फातिमाबी यांची नावे त्यांनी आपल्या कामाशी जोडली, ती उगाच नव्हेत. माझ्या दृष्टीने त्या कामात सामन्यांइतकेच महत्त्व त्या सह्यांना आहे. अर्ज लिहिणे, शिक्का मारून घेणे, पुन्हा जाणे, साहेब नाहीत म्हटल्यावर बाकावर बसून राहणे हे सगळे त्या पोरींनी केले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नाही.

राखीव मैदान, पडदा लावलेले टर्फ, फक्त मुलींची वेळ या गोष्टींना आपल्यातले काही पुरोगामी नाक मुरडतात. मला तसे वाटत नाही. सुरुवात जिथून होईल तिथून व्हावी. ज्या मुलीने आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही, तिला पहिल्या दिवशी बघ्यांच्या समोर उभे करण्याचा हट्ट कशाला? मात्र तिथेच थांबलो तर पडद्याआडचा एक छंद एवढेच त्याचे रूप राहील. लीग उघड्यावर असते, तिचा निकाल छापून येतो, तिच्या पत्रकावर मुलीचे पूर्ण नाव असते. अफगाण महिला संघाचे उदाहरण बघा. २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर देश सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेल्या त्या खेळाडूंना मेलबर्न व्हिक्टरी क्लबने आसरा दिला आणि २०२२ च्या एप्रिलपासून त्या व्हिक्टोरिया राज्याच्या महिला लीगच्या खालच्या विभागात खेळू लागल्या. देश गेलेला, ध्वज गेलेला, फिफाची मान्यता नाही. पण आठवड्याला एक सामना, समोर मेलबर्नच्या उपनगरातला कुठलातरी क्लब, आणि पत्रकावर अकरा नावे. २०२५ मध्ये फिफाने अफगाण निर्वासित महिला संघाला मान्यता दिली, तोपर्यंत या मुली खेळत्या राहिल्या त्या या लीगमुळे.

आपल्या शिक्षणसंस्थांना इथे थोडे ऐकवले पाहिजे. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ ची. पुण्यात आझम कॅम्पस आहे, औरंगाबादला मौलाना आझाद महाविद्यालय आहे, भिवंडी-मालेगावात मुलींची महाविद्यालये आहेत. या संस्थांनी मुलींना शिकवण्याचे मोठे काम केले, ते कोणी नाकारत नाही. आता पुढचे पाऊल म्हणून यांतल्या दोन-तीन संस्थांनी मिळून एक संघ उभा करावा आणि जिल्हा लीगमध्ये नोंदवावा, एवढी अपेक्षा जास्त आहे का? विद्यापीठाची वाट बघायची गरज नाही. लागते काय? एक प्रशिक्षक, वीस जोडी बूट, सामन्याच्या दिवशी एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि मुलींच्या घरी जाऊन अम्मी-अब्बांशी चहा पिणारी एक आपा. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची. इफ्तार पार्टीच्या एका मंडपाचा खर्च बाजूला काढला तर टेम्पोचे भाडे निघते.

आणि भावांनो, तुमच्याबद्दल. घरातला पहिला नकार हल्ली अब्बांचा नसतो. तो वीस-बावीस वर्षांच्या भावाचा असतो, जो स्वतः रोज रात्री टर्फवर असतो. “माझे दोस्त बघतील” हे त्याचे कारण. दोस्त बघतील तर दोस्तांना समजावण्याचे काम बहिणीचे की तुमचे? उलट तुमच्याकडे जे आहे ते द्या. पंचांचा कोर्स जिल्हा संघटना घेते, त्याची जाहिरात तुमच्या ग्रुपवर येते. ती बहिणीला पाठवा. सोमालियात जन्मलेली जवाहिर रोबल लंडनमध्ये हिजाब घालून मुलांच्या आणि पुरुषांच्या स्थानिक सामन्यांत पंच झाली. गुडघा दुखावलेल्या, घरचे खेळू देत नाहीत अशा मुलींना शिटी हातात घेण्याची वाट आहे, प्रशिक्षकाच्या परवान्याची वाट आहे.

पुढची काही वर्षे रमजान थंडीच्या शेवटाकडून ऐन थंडीकडे सरकत जाणार आहे, म्हणजे नेमका फुटबॉलच्या हंगामात. रोजा ठेवून सामना खेळायचा की नाही, हे त्या मुलीने ठरवावे, डॉक्टरशी बोलून ठरवावे. प्रशिक्षकाने सक्ती करू नये आणि शेजाऱ्यांनी चौकशी करू नये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२१ पासून रोजा सोडण्यासाठी गोलकिकच्या वेळी सामना मिनिटभर थांबवला जातो. आपल्या जिल्हा संघटनांनाही हे सांगता येईल, फक्त सांगायला लीगमध्ये आपला संघ असायला हवा. आणि तरावीहनंतर पहाटेपर्यंत चालणाऱ्या मुलांच्या नाइट टूर्नामेंटसाठी ज्या टर्फचे आगाऊ बुकिंग होते, त्यातला असरच्या आधीचा एक तास महिनाभर मुलींच्या नावावर लिहून ठेवा. त्या वेळी टर्फ रिकामेच असते.